दोनशे रुपये दंडाची उत्तरे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ऐरोलीतील स्मारक नवी मुंबईकरांच्या ओळखीचे आहे. तिथे जाणाऱ्याला घटनाकार आंबेडकर ठाऊक असतात. महाडचे आणि गोलमेज परिषदेचे आंबेडकरही ठाऊक असतात. पण १९३४च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात हेच बॅरिस्टर मुंबईच्या न्यायालयात एका लैंगिक आरोग्याच्या मासिकाची बाजू मांडत होते, हे फार थोड्यांना आठवते. मासिकाचे नाव ‘समाजस्वास्थ्य’. संपादक, लेखक, मुद्रितशोधक आणि व्यवस्थापक सगळे एकच, रघुनाथ धोंडो कर्वे. गुन्हा असा, की वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी छापून उत्तरे दिली. त्यातले काही प्रश्न हस्तमैथुनाविषयी होते, काही समलिंगी संबंधांविषयी.

र. धों. स्वतः समलिंगी असल्याची कुठेही नोंद नाही. ते विवाहित होते, पत्नीशी त्यांचे नाते शेवटपर्यंत मैत्रीचे होते. तरीही मराठीत या विषयाला आरोग्याचा विषय म्हणून उघडपणे हात घालणाऱ्यांत त्यांचे नाव फार वर घ्यावे लागते, आणि त्याची किंमतही त्यांनीच मोजली.

किंमत मोजण्याची सवय त्यांना लहानपणापासून होती. १४ जानेवारी १८८२ रोजी दापोलीजवळच्या मुरूड गावी त्यांचा जन्म झाला. वडील धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी म्हणून देशाला माहीत झालेले. आई राधाबाई १८९१मध्ये बाळंतपणात गेल्या. रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरूडच्या ब्राह्मण समाजाने या कुटुंबाला वाळीत टाकले. चारचौघांना न पटणारे लग्न केले की पंगतीतले पान कसे वेगळे मांडले जाते, हे त्या घरातल्या मुलाने जाणत्या वयात पाहिले. बाळंतपणात गेलेली आई आणि वाळीत पडलेले घर, या दोन गोष्टींवर त्यांच्या पुढच्या आयुष्याचा सगळा हिशेब उभा आहे असे म्हणणे थोडे सोपे होईल; पण अगदीच चुकीचे ठरणार नाही.

मुलगा हुशार होता. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून १८९९ साली तो मॅट्रिकला पहिला आला. पुढे फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेतली आणि गणित हा विषय शिकवायला घेतला. पहिल्या महायुद्धानंतर ते गणिताच्याच उच्च शिक्षणासाठी पॅरिसला गेले. तिथली एक गंमत अशी. फ्रान्सने समलिंगी संबंधांना गुन्ह्यांच्या यादीतून १७९१मध्येच काढून टाकले होते, पण संततिनियमनाच्या प्रचारावर मात्र १९२०मध्ये कायद्याने बंदी घातली. हिंदुस्थानात नेमके उलटे होते. १८६०च्या दंडविधानातले ३७७ कलम समलिंगी संबंधांसाठी जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगत होते आणि संततिनियमनाबद्दल कायदा गप्प होता. कुठली गोष्ट निसर्गविरोधी हे निसर्ग ठरवत नाही, सरकार ठरवते, हे कळायला गणिताच्या प्राध्यापकाला दोन देशांचे कायदे पुरेसे होते.

१९२१मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले पहिले केंद्र उघडले तेही याच वर्षी. त्यानंतर ‘संततिनियमन’ आणि गुप्तरोगांवरची पुस्तके आली. उपदंश आणि परमा यांची नावे सभ्य घरात उच्चारली जात नव्हती त्या काळात हे रोग कसे होतात, कसे टळतात, हे ते साध्या मराठीत सांगत होते. कर्वे तेव्हा विल्सन कॉलेजात गणित शिकवीत. कॉलेज मिशनऱ्यांचे. हे काम आणि प्राध्यापकी एकत्र चालणार नाही असे त्यांना सांगण्यात आले आणि १९२५मध्ये त्यांनी राजीनामा दिला. त्यानंतर नियमित पगाराची अशी सुरक्षित नोकरी त्यांच्या वाट्याला आली नाही. संसाराचा भार बऱ्याच अंशी पत्नी मालतीबाईंच्या कमाईवर राहिला. मूल होऊ द्यायचे नाही, हे या दोघांनी आपल्यापुरते ठरवले होते. संततिनियमनाचा प्रचारक स्वतः अनुभव काय घेतो, असे कोणी विचारायची सोय त्यांनी ठेवली नाही. मालतीबाईंचे नाव या कहाणीत नेहमी एका ओळीत येते, ते योग्य नाही. त्या घरात चूल पेटत होती म्हणून मासिक निघत होते.

१९२७च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’चा पहिला अंक निघाला. महाडचा सत्याग्रह झाला तेच हे वर्ष. मासिकात आरोग्य, आहार, लैंगिक शिक्षण, धर्माची चिकित्सा, स्त्रियांचे हक्क असे सगळे असे. ‘शारदेची पत्रे’ या नावाने चालणारे फटकळ सदर कर्वे स्वतःच लिहीत. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे आणि त्यावरूनही गहजब होई. वर्गणीदार थोडे, तोटा कायमचा, आणि तरीही हे मासिक २६ वर्षे चालले.

त्यातला सर्वात मोलाचा भाग कदाचित वाचकांच्या प्रश्नांचा असावा. त्या काळी तरुण माणसाला शरीराबद्दल काही विचारायचे असेल, तर वैदूच्या जाहिराती होत्या, ब्रह्मचर्यावरची पुस्तके होती आणि मित्रांच्या अर्धवट ऐकीव गोष्टी होत्या. वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, असा हिशेब शाळकरी मुलांनाही पाठ होता. युरोपातही हेच होते. स्विस डॉक्टर टिसो याने अठराव्या शतकात हस्तमैथुनाने माणूस क्षीण होतो, वेडा होतो असे पुस्तक लिहिले आणि दीडशे वर्षे डॉक्टरांनी ते खरे मानले. आपल्याकडे धातू जाण्याच्या भीतीने थकवा, निराशा आणि झोप उडणे ही लक्षणे घेऊन येणारे रुग्ण इतके होते, की १९६०मध्ये डॉ. नरेंद्र विग यांनी त्याला ‘धात सिंड्रोम’ असे नावच दिले. हे रुग्ण आजही मानसोपचारतज्ज्ञांकडे येतात. रोग वीर्याचा नसतो, भीतीचा असतो. कर्वे हेच १९३०च्या सुमारास मराठीत सांगत होते आणि ती भीती घालवणे हे आपले काम मानत होते.

समलिंगी आकर्षण असलेल्यांची अडचण याहून मोठी होती. हस्तमैथुनाला कायदा शिक्षा देत नव्हता. त्यांना देत होता. धर्म पापी म्हणत होता, वैद्यक विकृत म्हणत होते आणि कायदा गुन्हेगार म्हणत होता. ज्याला हे तिन्ही शब्द एकाच वेळी चिकटतात, त्याने कोणाला विचारायचे? घरच्यांना सांगितले तर लग्न लावून देण्याची घाई. मित्राला सांगितले आणि तो उलटला, तर पैसे उकळणे किंवा पोलीस. गप्प बसणे हाच काय तो सुरक्षित मार्ग, आणि तोही फार सुरक्षित नाही. अशा माणसांसाठी छापील पानावर कोणीतरी न ओरडता, न हसता उत्तर देते ही मोठीच गोष्ट होती. ज्यातून दुसऱ्या कोणाला इजा होत नाही, ते सुख अनीतीचे कसे, हा कर्व्यांचा मूळ प्रश्न होता. तो त्यांनी विवाहाला लावला, वेश्याव्यवसायाला लावला आणि समलिंगी संबंधांनाही लावला. गणिती माणूस गृहीतक एकदा मान्य केले की उत्तर आवडत नाही म्हणून मागे फिरत नाही.

त्यांच्यावर पहिला खटला १९३१मध्ये झाला. ‘व्यभिचाराचा प्रश्न’ हा लेख निमित्त ठरला. सनातनी मंडळींनी ओरड केली, अश्लीलतेच्या कलमाखाली अटक झाली आणि शंभर रुपये दंड झाला. अपीलही फेटाळले गेले. पगार नसलेल्या माणसाला शंभर रुपये म्हणजे काय, हे त्या काळच्या कारकुनाच्या पगारावरून सहज कळेल. कोणीही इथे थांबला असता.

दुसऱ्या वेळी आंबेडकर उभे राहिले. पुणे करार होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. राजकारणात त्यांच्यावर टीकेचा भडिमार चालू होता. ज्या विषयाचे नाव घेतले तरी लोक नाक मुरडत, त्याचे वकीलपत्र घेऊन त्यांना मिळवायचे काहीच नव्हते. २८ फेब्रुवारी ते २४ एप्रिल १९३४ या काळात हा खटला चालला. न्यायाधीश मेहता यांचे म्हणणे असे, की विचारलेले प्रश्नच विकृत आहेत, मग ते छापायचे आणि त्यांना उत्तरे द्यायची कशासाठी? आंबेडकरांचा युक्तिवाद सरळ होता. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते आपोआप अश्लील होत नाही. आणि समजा प्रश्नात विकृती आहेच, तर ती ज्ञानाशिवाय दुसऱ्या कशाने जाणार? म्हणून उत्तर द्यायलाच हवे होते.

समलिंगी संबंधांच्या बाबतीत त्यांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज संशोधकाचा आधार घेतला. ही कल असलेली माणसे जन्मतः तशी असतात, आणि त्यांना त्यांच्या पद्धतीने सुख मिळवण्यात गैर काय, असा त्या बाजूचा रोख होता. इथे थोडे थांबायला हवे. एलिसचे समलिंगी आकर्षणावरचे पुस्तक इंग्लंडमध्ये १८९७ साली निघाले आणि पुढच्याच वर्षी ते विकल्याबद्दल लंडनच्या एका विक्रेत्यावर अश्लीलतेचाच खटला झाला होता. म्हणजे अश्लीलतेच्या खटल्यात बचावासाठी पुढे केलेले संशोधन स्वतःच त्या आरोपातून गेलेले. आणि या विषयाचे जगातले सर्वात मोठे अभ्यासकेंद्र, बर्लिनमधली मॅग्नस हिर्शफेल्ड यांची संस्था, १९३३च्या मे महिन्यात नाझी तरुणांनी फोडली; तिच्या ग्रंथालयातली पुस्तके चार दिवसांनी भर चौकात जाळली. हिर्शफेल्ड यांना त्याआधी १९२०मध्ये म्युनिकमध्ये रस्त्यावर इतके मारले होते, की काही वर्तमानपत्रांनी त्यांच्या मृत्यूची बातमी छापली. पुढे ते फ्रान्समध्ये परागंदा अवस्थेत वारले. मुंबईतल्या खटल्यात कोणी कोणाला मारले नाही. पण बर्लिनची राख निवून वर्षही झाले नव्हते, तेव्हा इथे एक गरीब संपादक आणि एक बॅरिस्टर हा विषय न्यायालयात मांडत होते.

ते हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

आंबेडकर इथेच थांबले नाहीत. १९३८च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधिमंडळात त्यांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव मांडला. तोही फेटाळला गेला. कर्व्यांचा आणि गांधीजींचाही या विषयावर वाद होता. गांधीजींना संयम हाच एक मार्ग मान्य होता, कर्व्यांना ते माणसाच्या शरीराशी केलेले वैर वाटे. देशभर ज्यांचा शब्द झेलला जात होता, त्यांच्याशी जाहीर मतभेद असलेल्या मासिकाचा खप वाढण्याची शक्यता फारशी नव्हतीच.

कर्व्यांचे सगळेच आजच्या कसोटीला उतरते असे नाही. त्यांच्या काळचे लैंगिक विज्ञान अर्धे निरीक्षणावर आणि अर्धे तर्कावर चालत होते, शब्दही त्या काळचेच होते. स्वभाव तुटक, लेखणी तिखट. समोरच्याला पटवण्यापेक्षा त्याचे म्हणणे खोडून काढण्यात त्यांना जास्त रस आहे की काय, असे कधी कधी वाटते. पण ज्या मुद्द्यावर त्यांना दंड झाला, त्यावर पुढच्या संशोधनाने त्यांचीच बाजू उचलून धरली, आणि ते कसे घडले हे समजून घेण्यासारखे आहे.

१९५७मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हुकर यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याआधी समलिंगी पुरुषांचा अभ्यास व्हायचा तो तुरुंगात किंवा मनोरुग्णालयात, आणि मग निष्कर्ष निघायचा की ते आजारी असतात. हुकर यांनी बाहेर आपापले आयुष्य जगणारे ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष घेतले, त्यांच्या मानसशास्त्रीय चाचण्या केल्या आणि नावे झाकून ते निकाल नामवंत तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण कोणत्या गटातला, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही. १९७३मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केले. २०१९मध्ये जवळपास पाच लाख लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. समलिंगी आकर्षण ठरवणारे एकच एक जनुक नाही, अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा आणि इतर घटक मिळून हे घडते, असे त्यात दिसले. एलिसच्या काळातले ‘जन्मतः’ हे उत्तर इतके सरळ नाही हे खरे. पण संगतीने लागलेली खोड किंवा औषधाने जाणारा रोग, या समजुतींना कोणताच आधार उरला नाही.

आजार नसेल, तर समलिंगी तरुणांत निराशा आणि आत्महत्येचे विचार जास्त का आढळतात, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. याचे उत्तर संशोधकांनी ताणात शोधले आहे. चारचौघांत बोलताना प्रत्येक वाक्य तपासून बोलणे, आवाज कसा निघतो, हात कसा हलतो यावर पहारा ठेवणे, टोमणा किंवा मार कुठून येईल याचा अंदाज घेत राहणे. शरीर या पहाऱ्याला संकटच समजते. ताणाची संप्रेरके पाझरत राहतात, झोप बिघडते, रक्तदाब वाढतो, काहींना व्यसन लागते. इलन मायर यांनी २००३मध्ये या अल्पसंख्य असण्याच्या ताणाची नीट मांडणी केली. म्हणूनच आपली ओळख उघड करणे, ज्याला आज ‘कमिंग आउट’ म्हणतात, हा आरोग्याचाही प्रश्न आहे. घरात एका माणसाने जरी ऐकून घेतले, तरी पहारा सैल होतो. पण जिथे मार बसण्याची, घराबाहेर काढले जाण्याची किंवा जबरदस्तीने लग्न लावले जाण्याची भीती खरी आहे, तिथे कधी, कोणाला आणि किती सांगायचे हे त्या माणसानेच ठरवायचे असते. दुसऱ्याने ते परस्पर फोडणे हीसुद्धा एक प्रकारची मारहाणच.

मारहाण डॉक्टरी रूपातही आली. विसाव्या शतकात समलिंगी माणसांना ‘बरे’ करण्यासाठी विजेचे झटके आणि उलटीची औषधे वापरली गेली. आकर्षण बदलले नाही, माणसे मात्र खचली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे बदलाचे उपचार करणे हे २०२२मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे मुलाला ‘सुधारून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते. मानसिक आधार हवा असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

३७७ कलमाचा प्रवास वेडावाकडा झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये ते सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये परत आणले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायमचे बाजूला केले. मुंबईतल्या त्या खटल्यानंतर हे व्हायला ८४ वर्षे लागली. घटनापीठाने आधार घेतला तो समतेचा, खासगी आयुष्याचा आणि प्रतिष्ठेचा, म्हणजे जी घटना लिहिण्यात कर्व्यांच्या वकिलाचा सिंहाचा वाटा होता तिचाच.

कर्वे गेले तेव्हा वाशी-नेरूळच्या जागी गावे, भातशेती आणि मिठागरे होती. नंतर वसलेल्या या शहरात जुने वाडे नाहीत, भाऊबंदकी नाही, शेजारी कोण हे वर्षभर कळत नाही. तरी सामानाच्या ट्रकातून काही गोष्टी बरोबर आल्याच. मुलीचे लग्न ठरत नाही म्हणून होणारी कुजबूज आली, मुलगा बायकी आहे म्हणून सोसायटीच्या आवारात होणारी चेष्टाही आली. फरक एवढाच की प्रश्न आता टपालाने जात नाही. रात्री उशिरा, दार लावून, फोनवर टाइप केला जातो. तिथे उत्तर देणारा कर्व्यांसारखा असेल की बाबा-वैदूंच्या जाहिरातीतला, हे मात्र नशिबावर.

१४ ऑक्टोबर १९५३ रोजी र. धों. कर्वे वारले. वडील, महर्षी कर्वे, तेव्हा ९५ वर्षांचे होते आणि हयात होते. पाच वर्षांनी त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाला कोणताही मोठा सन्मान मिळाला नव्हता. नोव्हेंबरचा अंक निघाला आणि ‘समाजस्वास्थ्य’ बंद पडले. पुढे २००१मध्ये अमोल पालेकरांनी त्यांच्यावर ‘ध्यासपर्व’ हा चित्रपट काढला, २०१७मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ याच नावाचे नाटक रंगभूमीवर आले आणि त्यात हे खटले पुन्हा एकदा उभे राहिले. मासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर आहेत. एकेकाळी ज्यातल्या उत्तरांसाठी दोनशे रुपये भरावे लागले, ते मासिक लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचता येते, फुकट.